टेबलावरचे अकरा कप

मंगळवार, संध्याकाळ. बोरिवली.

आज सभेत बोलणारी मी आणि ऐकणारीही मीच. आणि गाऱ्हाणंही आम्हा दोघींचं एकच: चौकाचौकात गरजणारी जीभ आज हवी तिथे गप्प बसली.

कॉलेजच्या फुटबॉल संघाला मुख्य प्रशिक्षक निवडायचा होता; निवड समितीत मीही होते. दोन उमेदवारांनी लॅपटॉपवर रंगीत आकृत्या दाखवल्या. तिसरे मढचे अंतोन सर, नऊ वर्षं हंगामी नेमणुकीवर आमची पोरं घडवणारे. त्यांनी टेबलावरचे चहाचे रिकामे कपच मांडले. दोन फेऱ्यांचे मिळून अकरा.

"बघा मॅडम, हा बॅक पुढं गेला की त्याची जागा कोण धरणार?"

इतकं सोपं करून मला कुणी खेळ सांगितला नव्हता. तेवढ्यात शिपाई आला आणि सवयीने कप ट्रेमध्ये भरू लागला.

"घ्या, अख्खी टीमच आउट!" प्राचार्य म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. का हसले मी?

अंतोन सरांनी शेवटच्या कपावर, त्यांच्या गोलकीपरवर, हात ठेवला. "गोली तरी राहू दे रे भाऊ," एवढंच म्हणाले.

मग त्यांच्या नावापुढे शेरा पडला: संवादकौशल्य अपुरं. त्याखाली माझीही सही आहे. भाषेवर तासतासभर बोलणारीची.

तो कप डोळ्यांपुढून हलत नाही.

निवडीची यादी उद्या अकराला लागेल. बाई, भाषण नको. दहालाच प्राचार्यांच्या खोलीत जा आणि ती सही मागे घे.