हिरवा दिवा लागला म्हणून

१४ तारीख, मंगळवार
दुकानातून

प्रिय क्रेनवाले,

नमस्कार. आम्ही मजेत, तुम्हीही मजेत असाल, वगैरे वगैरे. तुमचे खोलीतले सोबती सुट्टी संपवून उद्या परत तिकडे कामावर निघालेत, त्यांच्या हाती हे देतेय. फोन असताना पत्र कशाला, म्हणाल. फोनवर माझ्या तोंडून ‘इकडे सगळं ठीक’ एवढंच निघतं, म्हणून.

तुमच्या बाबांचा गुडघा बरा आहे. रोज दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांना माझ्या तक्रारी सांगतात. आपल्या चिमीचा पुढचा दात पडला. बॅटऱ्या भरायचा नवा चार्जर झकास चालतोय. तुम्ही पसंत केलेला ना, मुद्दाम सांगितलं.

तिकडचं क्रेनचं कंत्राट आणखी दोन वर्षं वाढवू का, असं विचारलंत. सांगते. आधी दुकानातली गंमत ऐका.

गंमत कसली, फजिती! कोपऱ्यावरच्या डॉक्टरबाईंनी दवाखान्याच्या दिव्याची बॅटरी चार्जिंगला दिली होती, पार उतरलेली. तीन पायऱ्या तुम्हीच मला शिकवल्यात. पहिल्या पायरीला भरपूर करंट सोडायचा. बॅटरी उपाशी असते, घटाघटा पिते. दुसऱ्या पायरीला व्होल्टेज तेवढंच धरून ठेवायचं, मग ती आपणहून कमी कमी घेत जाते. शेवटचं थोडंसं भरायलाच फार वेळ लागतो आणि लोक नेमकी तिथेच घाई करतात. तिसऱ्या पायरीला व्होल्टेज उतरवून नुसती बारीक धार, भरलेली बॅटरी भरलेली राहावी एवढ्यापुरती.

ती लावतानाच तुमचा मेसेज आला. ‘कंत्राट वाढवू का? तू म्हणशील तसं.’ तो वाचता वाचता मी खटका थेट तिसऱ्या पायरीवर फिरवला. त्या पायरीचा हिरवा दिवा लागला. दुसऱ्या दिवशीही हिरवाच होता, म्हणून भरली समजून बॅटरी देऊन टाकली.

वीज गेली तेव्हा बाई एका सुताराच्या अंगठ्याला टाके घालत होत्या. त्या बॅटरीवर दोन टाके झाले आणि दिवा गुडुप. उरलेले टाके सुताराने दुसऱ्या हातात स्वतःच्याच मोबाइलचा उजेड धरून घालून घेतले. बाई दुकानात आल्या त्या तणतणतच. मी मान खाली घालून बॅटरी परत घेतली.

बाबा मात्र ओरडले नाहीत. तेच जास्त अवघड गेलं. एवढंच म्हणाले, “सूनबाई, भरलेली बॅटरी बारीक धारेवर टिकते. रिकामी भरत नाही. तशीच ठेवली तर आतून पांढरी पडते, मग कितीही करंट दे, घेत नाही.”

मी मागच्या खोलीत गेले आणि नळ सोडून रडले.

अहो, तुमचे रविवारचे फोन म्हणजे ती तिसरी पायरी आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी काठोकाठ भरलेली होते, म्हणून पहिलं वर्ष निभावलं. पुढची वर्षं कशीबशी ढकलली. जेवताना अजून चुकून तुमचं ताट घेते आणि बाबा ते उचलून परत ठेवतात. परवा चिमी शेजारणीच्या मुलीला सांगत होती, माझे बाबा फोनमध्ये राहतात. सगळे हसले. मीही हसले. आणि रविवारी तुम्हाला सांगितलं, इकडे सगळं ठीक.

मला तुमची फार आठवण येते. फोनवरच्या तुमची नाही, चहावर फुंकर घालत माझ्या चुका काढणाऱ्या तुमची.

मागच्या दोन्ही वेळा तुम्ही असंच विचारलंत आणि मी शहाण्यासारखी ‘तुम्ही ठरवा’ म्हणाले. आता मी ठरवते. सही करू नका. या. दुकानात दोघांपुरतं काम आहे. आणि आलात की आठवड्यात बॅग भरायची घाई चालणार नाही. शेवटचं भरायला वेळ लागतो, तुम्हीच शिकवलंत.

डॉक्टरबाईंची बॅटरी पुन्हा लावलीय, पहिल्या पायरीपासून. बाबा राखणीला बसलेत, मला खटक्याजवळ फिरकू देत नाहीत.

रविवारी ‘कशी आहेस’ विचारू नका. मी सवयीने ठीक म्हणेन. यायची तारीख सांगा.

ठीक नसलेली,
तुमचीच