शेलारात उतरलेला सातफुटी जिराफ

काल्हेर,
मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६, दुपारी ३.२०

थोरले साडूभाऊ मोरूदादा यांस केसरीनाथचा वाकून नमस्कार. आपली शुगर, कमळताईंचा गुडघा आणि कारखान्यातला सहा नंबरचा लूम हे तिघेही आता बरे असतील अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक आहे. या पत्रातला मजकूर आमच्या सौ. हौसाला कळेपर्यंत ते तसेच राहील. (फोन केला नाही, कारण फोन तिच्या पलंगाशेजारी आहे.)

काल आपल्या विशालच्या हाती आपली चिठ्ठी आणि पेटीत सापडलेला फोटो मिळाला. आपण विचारता, मोंबासाहून आलेल्या लाकडी जिराफाचे काय करायचे. दादा, मी जिराफ घेतलेलाच नाही. पेटीवर ‘किंमत पूर्ण पोचली’ असा शिक्का आहे म्हणता, पण मी तो विकणाऱ्या माणसाला एक दमडी दिलेली नाही. रविवारी वाचनालयात ‘परदेशात फसू नये ते कसे’ यावर माझे व्याख्यान आहे आणि अध्यक्ष आपण आहात. परदेशी बाजारातून काहीही न घेता परतलेला गावातला पहिला माणूस, असे माझ्याविषयी फळ्यावर लिहूनही झाले. अशात सात फुटांचा पुरावा आपल्याकडे शेलार गावात उभा असणे बरे नाही.

झाले ते क्रमाने सांगतो. तिथल्या व्यापाऱ्याला आपल्या कापडाचे नमुने दाखवायला मी हौसासह गेलो होतो, हे आपण जाणताच. (व्यापारी त्या आठवड्यात बाहेरगावी होता, पण तो भाग व्याख्यानात नाही.) म्हणून बंदराजवळची जुनी वस्ती पाहायला निघालो. तिथली भाषा मी घरी पुस्तकावरून एकवीस दिवसांत शिकलो होतो, त्यामुळे प्रत्येक फेरीवाल्याला वस्तू का नको ते मी सकारण सांगत होतो. आपल्याकडे एवढे ऐकून माणूस निघून जातो. तिथे उत्तर देणारा दिसला की उरलेले धावत येतात. एकाने माझ्या काखेत ढोलके दिले, दुसऱ्याने हौसाच्या गळ्यात मण्यांची माळ घातली, तिसऱ्याने काजू चाखायला दिले. ते दोन वर्षांचे जुने आहेत हे मी त्याला पटवून दिले, तर त्याने आनंदाने आणखी मूठभर दिले. का, ते मला आजही उमगलेले नाही.

मग लाकडी प्राणी विकणारा जुमा भेटला. तो तिथल्या गुजराती दुकानदारांकडून शिकलेले हिंदी बोलत होता. म्हणाला, “सेठ, सात फूट का जिराफ.” माझ्या खिशात टेप असते हे आपल्याला ठाऊक आहे. खुरापासून शिंगापर्यंत सहा फूट अडीच इंच भरला. मी चारचौघांत तसे सांगितले. आपल्या भिवंडीच्या धामणकर नाक्यावर एखाद्या एजंटचे कापडाचे ठाण वीतभर कमी भरले, तर तो महिनाभर तोंड दाखवत नाही. या गृहस्थाने मला मिठी मारली आणि म्हणाला, “जो नापता है, वही लेता है. आपके लिए पूरा सात बनाएगा.” मी आपली नेहमीची युक्ती केली. “कळवतो,” म्हणून कार्ड दिले. आपल्या भिवंडीत याचा अर्थ ‘परत येऊ नका’ असा होतो, हे काल धंद्यात आलेल्या पोरालाही कळते. (माझी कार्डे संपली होती, म्हणून आपले दिले. आपली नऊ कार्डे पाकिटात होती. आता एकही नाही.)

या सगळ्या वेळात हौसा काय करत होती म्हणाल, तर “तुम्ही मोजा, मी सावलीला बसते,” म्हणून जुमाच्या बायकोशेजारी नमुन्यांची बॅग घेऊन सव्वा तास बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी हातवारे चालले होते, हसणे चालले होते.

घरी येऊन बॅग उघडली तर रिकामी. अकरा नमुने आणि व्याख्यानाला घालायचा राखी सफारी, सगळे गायब. विमान कंपनीला मी लांबीरुंदीसह तीन तक्रारी पाठवल्या. उत्तर नाही. आता या फोटोत जिराफाशेजारी जुमा उभा आहे, अंगात राखी सफारी, आणि डावा खिसा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. आपल्या नाक्यावरच्या शिंप्यानेही माझ्या सफारीत नेमकी हीच चूक केली होती. समुद्राच्या दोन काठांवरचे दोन शिंपी एकच चूक कशी करतात, याचा मी कालपासून विचार करतो आहे.

कमळताईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
केसरीनाथ

ता. क. : एवढेच मागणे, की सोमवारपर्यंत जिराफावर ताडपत्री टाकावी आणि हौसाला काही कळू देऊ नये.

ता. क. २ : ताडपत्री टाकण्यापूर्वी त्याची उंची मोजून कळवावी. पूर्ण सात भरतो का, एवढेच पाहायचे आहे.

ता. क. ३ : भावजी, मी हौसा. पाकिटाला खळ लावायला दिलं म्हणून वाचलं. जिराफ माझा हाय. दारावरच्या बोहारणीकडून तीन जुन्या पँटींत मी एक टोप घेते, तिथं अकरा नमुने आन् एक सफारी देऊन हा घेतला. वर पिल्लू मागितलं, ते पेटीच्या तळाशी भुश्यात असंल, ते ताईला ठेवा. पत्ता सांगायला लागला न्हाय, यांनी तुमचं कार्ड दिलंच होतं. यांना आत्ता काय बोलू नका, रोज आरशासमोर व्याख्यान म्हणतात. ताडपत्री टाका, सोमवारी टेंपो पाठवा. रविवारी मी पहिल्या रांगेत बसणार हाय.