शेवटच्या थांब्यावरची म्हातारी

बाबा, तुला एक खोटं सांगितलं होतं, ते आज लिहून काढते आहे. चीनमध्ये शिकायला निघाले तेव्हा तू मला शहर पाहायची तुझी रीत सांगितली होतीस. नव्या गावात मिळेल त्या बसमध्ये बसायचं, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं. पेणहून धाटावपर्यंत कंपनीची बस चालवण्यात तुझा जन्म गेला, तुला दुसरी रीत कुठून सुचणार? मीही सुरुवातीचे रविवार तसंच केलं. पुढून चढायचं, डब्यात नाणं टाकायचं, मागून उतरायचं. कंडक्टर नसतो म्हटल्यावर फोनवर तू विचारलंस, "मग माणसं मोजतं कोण?"

तू मोजायचास. लहानपणी सुट्टीत मला इंजिनाशेजारी बसवून न्यायचास, तेव्हा प्रत्येक थांब्यावर तुझी नजर आरशात जायची. एकदा कासू गावचा नेहमीचा माणूस थांब्यावर नव्हता आणि मी म्हणाले, नाही आला, चला. तू असा खेकसलास की माझं तोंड एवढंसं झालं. "नाय आला म्हणजे काय गो? कुणी विचारायचं नाय?" तू हॉर्न वाजवलास, थांबलास, शेवटी कुणाला तरी त्याच्या घरी धाडलंस. तो तापाने फणफणला होता. त्या दिवशी सगळ्यांची शिफ्ट हुकता हुकता राहिली.

चीनमधल्या त्या शहरात मला विचारणारं कुणी नव्हतं. हिवाळा आला तसं माझं बाहेर पडणंच थांबलं. वर्ग, प्रयोगशाळा, खोली. खिडकीतून खालचा चौक दिसायचा. संध्याकाळी बायका तिथे गाणी लावून ओळीने नाचायच्या, आणि कुणी वेगळं जाकीट घालून आली तरी मला कळायचं. माझ्याकडे मात्र त्यांच्यातल्या एकीनेही कधी मान वर करून पाहिलं नाही. रविवारी तुझा ठरलेला प्रश्न यायचा, आज कुठली बस? खोलीतच होते असं सांगायची लाज वाटायची. मग मी नकाशा उघडून सदतीस नंबरच्या बसने नदीकाठाने जायची, आणि शेवटच्या थांब्यावर चहा विकणारी एक म्हातारी तुझ्यासाठी उभी केली. ती मला ओळखते, माझी वाट बघते, असंही सांगून टाकलं. झालं, दर रविवारी तू तिची चौकशी करायला लागलास. तिचे गुडघे, तिचा खोकला, सगळं मला लक्षात ठेवावं लागायचं.

मग तू पोह्याचे पापड पाठवलेस. पनवेलची एक वर्गमैत्रीण सुट्टीला घरी आली होती, तिच्या हाती. वर निरोप, अर्धे तुला, अर्धे म्हातारीला. तिचा वाटा दोन रविवार कपाटात पडून राहिला. तो खाववेना. तिसऱ्या रविवारी मी खरंच सदतीस नंबरच्या बसमध्ये बसले. शेवटच्या थांब्यावर एक लांबलचक भिंत, पत्र्याची शेड आणि रिकाम्या बसमध्ये डबा खात बसलेला ड्रायव्हर. मी पाकीट त्याच्यापुढे धरलं. त्याने एक पापड उजेडात धरून पाहिला आणि न भाजता तसाच तोडून खाल्ला. मी हातवारे करून जाळ दाखवला, तो हसला. परतीच्या वाटेवर बसमध्ये मी एकटीच होते. वाटेत त्याने आरशातून मागे पाहिलं, मी आहे ना म्हणून. मी शाल तोंडावर घेऊन रडले. रात्री तुला सांगितलं, म्हातारीला आवडले. तू म्हणालास, बरं झालं.

परवा आई पापड वाळत घालताना सहज बोलून गेली. "तुझ्या बापाला ठाव होतं. एका रविवारी तुझी बस नदी डाव्या हाताला ठेवून जायची, दुसऱ्या रविवारी उजव्या. डायव्हरला कळनार नाय? मना बोलला, म्हातारी नाय तिथं कोन, तरी पापड धाड. द्यायला म्हनून तरी पोर भायेर पडंल."

बारा वर्षं तिने हे मला सांगितलं नाही. तू गेलास तेव्हा माझं शिक्षणाचं एक वर्ष उरलं होतं. दिवस करून परत गेले आणि मग एकही रविवार खोलीत बसले नाही. सगळ्या बसेसचे शेवटचे थांबे पाहिले. आज कुठली बस, हे विचारायला तेव्हा तू नव्हतास.

आता मीही धाटावलाच कामाला आहे, वडखळला कंपनीची बस पकडते. हा कागद घडी करून पर्समध्येच राहील, कुठे धाडणार? पण एक सांगते. कधी कधी मी थांब्यावर मुद्दाम दोन मिनिटं उशिरा पोचते, नवा ड्रायव्हर थांबतो का ते बघायला. आजवर तीनदा बस निघून गेली. आईला सांगितलं, ट्रॅफिक होतं.