बाबांचा चाप आता पडद्याला

तीर्थरूप बाबांना,
तुमच्या धाकटीचा नमस्कार, आणि तोही न दुखणाऱ्या हातांनी!

बार कॉर्ड वाजली, बाबा! एकाच बोटाने सहाही तारा आडव्या दाबायच्या, तोच प्रकार. काल गिटारच्या बाईंनी एकेक तार छेडून पाहिली. सगळ्या खणखणीत.

मी इतके दिवस अंगठ्याने मागून आवळत होते, म्हणून मनगट भरून यायचं. बाई म्हणाल्या, "गळा कसला दाबतेस तिचा? अंगठा सैल सोड, बोट जरा कुशीवर कलंडव, हाताच्या वजनाने तारा आपोआप दबतील."

माझं बोट दुखू नये म्हणून तुम्ही तारा दाबायला लाकडी चाप करून पाठवलात. बसतो अगदी चोख. पण आता त्याने खिडकीचा पडदा अडकवलाय. रागावू नका, बढती समजा.

पूर्वी दार आपटणारी घरमालकीण परवा म्हणाली, "पुन्हा वाजव की." जेवण वेळेवर होतं. बहुतेक.

ताई फोनवर बोलून गेली, रंधा मारताना तुम्ही मध्येच थांबून हात झटकता. आणि अशा हाताने चाप कोरलात? मला कळवलं का नाही? डॉक्टरांकडे गेलात का? नसाल तर या आठवड्यात जा.

तोवर रंध्याची मूठ आवळू नका. मनगट सरळ ठेवा, अंगाचं वजन येऊ द्या. लहानपणी माझ्या हातावर हात ठेवून तुम्ही रंधा शिकवलात. आता माझा हात तुमच्या हातावर आहे असं समजा.

बोटांना तुमच्यासारखेच घट्टे पडलेली,
तुमची धाकटी