न्यायाधीशाच्या दारातली विधवा

३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार आज घाईतच घे, कारण पोटातलं कधी एकदा सांगते असं झालंय.

दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही इस्पितळाच्या धुलाईघरातल्या सात-आठ जणी इस्त्रीच्या टेबलाभोवती बायबल वाचतो. वाचायचं काम माझ्याकडे, कारण काय, तर माझा भाऊ पाळक! या वेळी येशूने सांगितलेला विधवेचा आणि न्यायाधीशाचा दाखला होता. न्यायाधीश असा, की देवाला भीत नाही आणि माणसाला जुमानत नाही. विधवा रोज येऊन न्याय मागते आणि शेवटी तो वैतागून तिचं काम करतो. तू सांगतोस तेच मी सांगितलं. विधवा म्हणजे आपण आणि न्यायाधीशाच्या जागी देव, म्हणून न खचता प्रार्थना करत राहावं.

तर चादरींच्या घड्या घालणारी आमची मावशी, जी वर्षात चार वाक्यं बोलते, तिने घडी अर्धी सोडली आणि विचारलं की बाईला बघून तोंड फिरवणारा देव कसा असेल? मी म्हटलं, देव त्याच्यासारखा नाही, त्याच्याहून कितीतरी चांगला, असं पुढे लिहिलंय. तर म्हणाली, मग त्याला त्या खुर्चीत बसवलं कोणी? तिला तर देव त्या बाईसारखा वाटतो. तोच रोज दार वाजवतो, आणि आत बसून न उघडणारे आपण.

दादा, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी एकही जण जागची हलली नाही. मावशीचं चुकत असेल तर खडसावून कळव, पण लवकर कळव.

वहिनीचा गुडघा कसा आहे? आणि तुमच्या चर्चच्या त्या चौकीदाराच्या बायकोचं काय झालं? तो गेल्यावर ती रोज तुझ्याकडे यायची, खोलीचं काहीतरी होतं.

लोभ आहेच, उत्तर पाठवून तो सिद्ध करावा.

तुझी,
चिमणी

१० फेब्रुवारी

चि. चिमणीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यात मुरलेला थोडा राग.

राग अशासाठी, की त्या दाखल्यावरचा माझा उपदेश बावीस वर्षं बिनतक्रार चालला होता. तुमच्या मावशींना गप्प करावं म्हणून मी माळ्यावरून कॉलेजातला ग्रीक शब्दकोश काढला. तुझ्या वहिनीने आधी तो आणि मग मला झटकून घेतलं.

आणि चिमणे, मी तीन दिवस त्या पुस्तकातून उठलेलो नाही! 'नीतिमान' म्हटलं की आपल्यासमोर कोण येतो? खोटं न बोलणारा, दारू न पिणारा, रविवारी पहिल्या बाकावर बसणारा. 'न्याय' म्हटलं की कोर्टकचेरी. आपण दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत ठेवलंय. मूळ भाषेत ते एकाच मुळातून फुटलेत. ती विधवा मागते तो 'न्याय' आणि ज्या 'नीतिमत्त्वा'ची भूक नि तहान लागलेल्यांना येशू धन्य म्हणतो ते, दोन्हींचं मूळ एकच. म्हणजे ती भूक नुसती आपण चांगलं असण्याची नाही, समोरच्याला त्याचं हक्काचं मिळावं याचीही आहे. मी मात्र आयुष्यभर लोकांना फक्त वागणूक सुधारायला सांगत आलो.

आणखी एक गंमत. ही बाई मला बेजार करील, असं तो न्यायाधीश म्हणतो ना, तिथला मूळ शब्द मुष्टियुद्धातला आहे. डोळ्याखाली ठोसा मारणे! साहेब म्हातारीच्या ठोशाला घाबरलेत!

मावशींना माझा सलाम सांग. त्यांना अजून पुरतं हो म्हणत नाही, पण नाही म्हणायला जीभही उचलत नाही.

वहिनीचा गुडघा बरा आहे. इकडचं बाकी सगळं ठीक.

माया आहे तशीच राहू दे, प्रश्न मात्र जरा कमी कर.

तुझा,
दादा

१४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. ठोशाचं वाचून दाखवलं आणि धुलाईघरात नुसता दंगा! आमच्या मुकादमबाई काय झालं म्हणून धावत आल्या, त्यांनाही सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मावशी हसली नाही. तिने एवढंच विचारलं, की पाळकसाहेबांच्या दारात कोण येतं?

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं. गुडघ्याचं लिहिलंस, शब्दकोशाचं लिहिलंस. चौकीदाराच्या बायकोचं लिहिलं नाहीस. तू विसरणाऱ्यातला नाहीस, दादा.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पदरात घे, आणि लोभ कमी करू नकोस.

तुझी,
चिमणी

५ मार्च

चि. चिमणीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. हे पत्र तुमच्या टेबलाभोवती मोठ्याने वाच. माझी परवानगी आहे.

चौकीदार कामावर रुजू झाला तेव्हा चर्चने त्याला लिहून दिलं होतं, की त्याच्यामागे बायकोने हयातभर त्या खोलीत राहावं. चर्चच्या समितीला कार्यालयासाठी ती जागा हवी होती. खोली रिकामी करा, या पत्रावर सही माझी. त्यानंतर ती सहा महिने येत राहिली आणि दर वेळी मी तिला प्रार्थना करा, खचू नका असं सांगून परत पाठवलं. तुझ्या पहिल्या पत्रातच ती खुर्ची मला ओळखू आली होती. शब्दकोशात तीन दिवस दडून बसलो, दुसरं काय.

तुझं दुसरं पत्र आलं त्याच दुपारी तिच्याकडे गेलो. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे भाचीच्या घरी राहते, बोळात पेटी टाकून. मी माफी मागितली. ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, गृहनिर्माण कार्यालयात तक्रार केलीय, गुरुवारी सुनावणी आहे आणि समोरच्या बाजूला तुमचंच नाव आहे. मी कपाळावर हात मारला आणि, खरं सांगतो, मला हसू फुटलं. तीही हसली.

गुरुवारी गेलो. समितीचे सचिव कागदांचा गठ्ठा घेऊन शेजारी बसले. अधिकारीबाईंनी चर्चची बाजू विचारली. मी उभा राहिलो आणि सांगितलं की या बाईंचं म्हणणं खरं आहे, करार खरा आहे आणि सही करून चूक मी केली. सचिव तडक उठून बाहेर गेले. चिमणे, इतकं हलकं मला दीक्षेच्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं!

निकाल तिथेच लागला. खोली तिची. जिना उतरताना सवयीने मी म्हणालो, मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. ती म्हणाली, करा, आणि शनिवारी आठ वाजता हातगाडी घेऊन या. गेलो. पेटीची एक कडी तिने धरली, दुसरी मी. तुझी वहिनी मागून गादी घेऊन, गुडघ्यासकट.

आता समितीने सोमवारी मला बोलावलंय, पाळक म्हणून ठेवायचं की नाही हे ठरवायला. तिच्या कानावर गेलं तेव्हा तिने विचारलं, किती वाजता. मी म्हटलं, बाई, तुमचं काम झालं, तुम्ही कशाला त्रास घेता? म्हणाली, एकटं जायचं नसतं अशा ठिकाणी. मी येते.

तुम्हा सगळ्यांचा लोभ सोमवारी जरा जास्त लागेल.

तुझा,
दादा