विहीणबाईंचे रोखे

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. बाबांचा गुडघा तू शिकवलेल्या व्यायामांनी बरा आहे, म्हणजे ते व्यायाम न करताच बरा आहे असं त्यांचं म्हणणं. फोन न करता लिहितेय याचं कारण एवढंच, की फोनवर तू मधेच बोलतेस आणि मग मी सांगायचं ते सोडून भलतंच काहीतरी सांगून बसते. आज मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.

आधी एक कबूल करून टाकते. मी तुझ्या सासूबाईंवर जळते. आजची गोष्ट नाही, चांगली तीन वर्षं झाली. बाबांना हे केव्हाच कळलंय. विहीणबाईंचा फोन आला की ते मुद्दाम माझ्याकडे बघत, आवाज चढवून त्यांच्या तब्येतीची चौकशी करतात. विहीणबाई देखण्या आहेत, त्या हसल्या की खोलीतले सगळे हसतात, चार मशिनींचं शिवणाचं दुकान त्यांनी एकटीच्या बळावर उभं केलं, हे सगळं मी पचवलं असतं. तुझे कपडे त्या शिवतात आणि तुझ्या खांद्याचं माप त्यांना तोंडपाठ आहे, तेही कसंबसं पचवलं. पण शेअर आणि बाँड तुला त्यांनी शिकवले, हे काही माझ्या घशाखाली उतरलं नाही.

अगं, सव्वीस वर्षं मी शेअर नोंदणीच्या कार्यालयात काढली. कागदी सर्टिफिकेटांच्या काळापासून. विकणाऱ्याची सही जुन्या सहीशी जुळते का ते भिंग लावून बघायचं, लाभांशाचं पाकीट आलं नाही म्हणून भांडायला आलेल्याला आधी खुर्ची द्यायची, मग पाणी. नवऱ्यामागे राहिलेला कागदांचा गठ्ठा पिशवीत घालून बायका यायच्या. त्यांना मी तिथेच काउंटरवर समजावून सांगायची. शेअर आहे म्हणजे बाई, तुम्ही या कंपनीच्या एक मालक आहात, चिमूटभर का होईना. नफा झाला तर वाटा मिळेल, भावही वाढेल. नाही झाला तर कंपनीवर रुसून उपयोग नाही. आणि हा दुसरा कागद आहे ना, तो बाँड, म्हणजे रोखा. इथे तुम्ही मालक नाही, तुम्ही कंपनीला कर्ज दिलंय. तिला नफा होवो न होवो, ठरलेलं व्याज तिने द्यायचं आणि मुदत संपली की मुद्दल परत करायचं. किती जणींना हे सांगितलं असेल, मोजदाद नाही. तुलाही सांगितलं होतं. तू पंधरा वर्षांची होतीस, जेवणाच्या टेबलावर तुझ्या भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर मी चौकोन काढून दाखवत होते. तू एक मोठी जांभई दिलीस आणि विचारलंस, आई, हे परीक्षेला आहे का?

आणि मग तुझ्या लग्नानंतरच्या त्या रविवारी तुझा फोन आला. इतकी खुशीत होतीस! म्हणालीस, शेअर म्हणजे दुकानात भागीदारी आणि बाँड म्हणजे दुकानाला दिलेलं उसनं, सासूबाईंनी कापड बेतता बेतता सांगितलं, इतकं सोपं असतं हे आणि मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. कधी कुणी सांगितलंच नव्हतं! मी म्हटलं, वा, छान. फोन ठेवला आणि बाबांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्यांनी बिचाऱ्यांनी तो निमूट अर्धा प्यायला.

विहीणबाईंनी सांगितलं त्यात चूक काढायला जागा नव्हती, हेच माझं खरं दुखणं. पुढे तू सगळंच त्यांना विचारायला लागलीस. लांबच्या गरजेसाठी शेअर, दोन-चार वर्षांत लागणाऱ्या पैशासाठी रोखे, सगळे पैसे एका कंपनीत घालू नयेत, हे सगळं त्यांनी तुला नीट शिकवलं. दर फोनला एक नवा धडा तू मला ऐकवायचीस, आणि तो मी पहिल्यांदाच ऐकतेय असा आवाज काढायची. लोकांच्या अवघडलेल्या माना नि कंबरा मोकळ्या करून तू सहा वर्षं स्वतःच्या दोन खोल्यांच्या क्लिनिकसाठी पैसे साठवलेस. ते कुठे ठेवायचे, हेही तू त्यांनाच विचारलंस. त्यांनी सांगितलं, आमच्या शिलाई मशीनच्या कंपनीने रोखे काढलेत, ते घे. का, तर वीस वर्षांत त्यांची मशीन एकदाही बिघडली नाही. मशीन चांगली म्हणजे कंपनीही शब्दाला पक्की, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. एका कंपनीत सगळं घालू नये हा स्वतःचाच धडा त्या मशीनच्या प्रेमापुढे विसरल्या. त्यांनी स्वतःचेही पैसे त्यातच घातले, हे रागाच्या भरात तू विसरतेयस.

परवा तू रडत फोन केलास. दोन हप्त्यांचं व्याज आलं नाही आणि आता कारखान्याच्या फाटकावर टाळेबंदीची नोटीस लागली आहे. तेव्हा मी धीराचे चार शब्द बोलले, पण खरं काय ते सांगितलं नाही, म्हणून आता सांगते. कंपनी मोडीत निघाली तर ज्या बँकांकडे कारखाना तारण आहे, त्यांचे पैसे आधी. मग तुमच्यासारखे बिनतारणी रोखेवाले. शेअरवाले सगळ्यांत शेवटी, कारण ते मालक. तेव्हा तुला काहीतरी मिळू शकेल; पण किती आणि कधी, हे मला सांगता येणार नाही. दाव्याचा अर्ज वेळेत भरावा लागेल. तो भरायला मी येईन, हे काम मला डोळे मिटून येतं.

पण त्या फोनवर तू आणखीही काही सांगितलंस. विहीणबाईंशी तू बारा दिवस बोललेली नाहीस. तुझे पैसे भरून द्यायचे म्हणून त्यांनी दोन मशिनी विकायला काढल्या आहेत, शनिवारी माणूस घेऊन जाणार आहे, आणि तू म्हणालीस, विकू देत. शेवटी नाक ओढत म्हणालीस, आई, त्या रोख्यांची माहितीपुस्तिका तू वाचली असतीस तर मला अडवलं असतंस, मी तुझंच ऐकायला हवं होतं. हे ऐकायला मी तीन वर्षं झुरले गं. आणि ऐकलं तेव्हा दूध उतू जातंय असं सांगून मी फोन ठेवला. कारण ती पुस्तिका मी वाचली होती. गेल्या वर्षी तुझ्याकडे आले होते तेव्हा, तू कामावर गेल्यावर, तुझ्याच टेबलाशी बसून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. व्याज बाजारापेक्षा अडीच टक्क्यांनी जास्त होतं. कमी व्याजात कुणी पैसे द्यायला तयार नसलं की कंपनी एवढं देऊ करते, हे मला कळत होतं. अकराव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की रोखे बिनतारणी आहेत आणि कंपनीचं पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या ऐपतीचा दर्जा, वर्षभरात दोनदा खाली आलंय. मी पुस्तिका होती तशी ठेवून दिली. संध्याकाळी तू विचारलंस, पाहिलीस का गं, सोमवारी पैसे भरायचेत. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला, आणि तुझ्या सासूबाईंना कळतं की त्यातलं. चष्मा माझ्या पर्समध्ये होता. तुझे पैसे बुडावेत असं मला वाटत नव्हतं, हे वाक्य मी दोनदा लिहून दोनदा खोडलं. थोडे बुडावेत, तू मला फोन करावास एवढे, असं मला वाटलं होतं. माझ्या सरकारी रोख्यांची मुदत पुढच्या महिन्यात संपते, ते पैसे तुझ्या क्लिनिकचे. तू शनिवारच्या आत दुकानात जा, त्या मशिनी विकू देऊ नकोस, आणि हे पत्र विहीणबाईंच्या हातात दे. त्यांना कळलं नव्हतं, ठमे. मला कळलं होतं.

तू रागावलीस तरी तुझीच,
आई