पेणला तू सोबत आलीस

रोहा, रविवार

प्रिय मृणालीवहिनी,

तू दिलेले पोह्याचे पापड संपले. सासूबाई म्हणतात, तुझ्या वहिनीला मिठाचा अंदाज बरोबर येतो. तू येऊन गेल्यापासून त्या तुझ्याबद्दल जरा जपूनच बोलतात.

दिवस राहिल्यावर सुरुवातीलाच पेणच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, की लघवीतल्या काही घटकांवरून बाळाच्या गुणसूत्रांतला दोष लवकर ओळखता येतो का, याचा अभ्यास चालू आहे, नमुना देशील का. टोचणं नाही, दुखणं नाही, म्हणून मी दिला. पुढे त्यातही आणि नेहमीच्या रक्ततपासणीतही जोखीम जास्त निघाली. हा नुसता अंदाज आहे, नक्की कळायला पोटातून सुईनं गर्भजल काढावं लागेल, असं बाईंनी नीट समजावलं. पण रोह्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच शब्द उरला होता, डाऊन सिंड्रोम. माझ्या भाचीला, आपल्या पुतळीला आहे तो.

नवरा असून हरेश माझ्यासमोर यायचंच टाळायला लागला. सासूबाई म्हणाल्या, सुईबिई नको, सरळ पाडून मोकळी हो. आई फोनवर म्हणाली, पुतळीला वाढवली तसं ह्यालाही वाढवू. मला काय वाटतं ते कोणीच विचारलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी तू जोह्याहून एसटीनं आलीस, नखांत गणपतीच्या कारखान्यातला रंग तसाच.

खरं सांगू, मला वाटलं होतं तू पुतळीची बाजू घेशील. तू सासूबाईंच्या समोर बसलीस आणि शांतपणे म्हणालीस, "माझ्या पोरीकडं बघून नमानं काय ठरवायचं नाय. मला तवा कोणी काय सांगितलंच नव्हतं. हिला आधी कळतंय, तर हिलाच ठरवू द्या." मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "ठेवलंस तरी मी हाय गो, नाय ठेवलंस तरी मी हाय." पुतळीच्या हृदयाचं ऑपरेशन, तिला बोलतं करायला केलेल्या पेणच्या फेऱ्या, लोकांच्या नजरा, या सगळ्यातून गेलेली बाई हे बोलत होती. तुझ्या जागी मी असते तर मला हे जमलं नसतं.

मी तपासणी करून घ्यायचं ठरवलं, आणि पेणला सुई टोचताना तू माझा हात धरून कारखान्यातल्या गोष्टी सांगत राहिलीस. पुतळीनं एका उंदराला हिरवा रंग दिला आणि गिऱ्हाइकानं नेमकी तीच मूर्ती उचलली, हे ऐकून डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. सुई कधी निघाली ते मला कळलंच नाही.

वहिनी, बुधवारी रिपोर्ट आला. बाळाची गुणसूत्रं ठीक आहेत. मी स्वयंपाकघरात बसून आनंदानं रडले, आणि रडता रडताच पुतळीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. बाळ तिच्यासारखं नाही याचा मला एवढा आनंद झाला, हे तुला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून तुझे फोन आले ते उचलले नाहीत. रिपोर्ट उलटा आला असता तर मी काय ठरवलं असतं, ते मला अजून ठाऊक नाही. तूही ते कधी विचारलं नाहीस. हे वाचून झालं की फोन कर. आता उचलीन. फक्त आधी फोन पुतळीच्या हातात दे.

तुझीच,
नमा